सिलेंडर हेडचे पोर्टिंग : घरी करावे की जाणकार कार्यशाळेकडे सोपवावे?

मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढवण्याचे जे मार्ग हौशी मंडळींत चर्चिले जातात, त्यांत सिलेंडर हेडच्या ‘पोर्टिंग’चा क्रमांक वरचा असतो. नवा महागडा भाग विकत घ्यावा लागत नाही, इंजिनाची क्षमता कागदोपत्री बदलत नाही. हेडच्या आतील वाटांमधून थोडा धातू घासून काढला की तेच इंजिन अधिक मोकळा श्वास घेते, असे या कामाचे वर्णन केले जाते. वर्णन खोटे नाही, पण अपुरे आहे. धातू कोठला आणि किती काढायचा यावर सारे अवलंबून असते आणि एकदा काढलेला धातू परत बसवता येत नाही. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, मारुती ८०० किंवा जिप्सी यांसारखी जुनी गाडी जतन करणाऱ्याच्या बाबतीत तर एक हेड वाया जाणे म्हणजे आता सहज न मिळणारा भाग गमावणे होय.

म्हणून हे काम स्वतः करावे की कार्यशाळेकडे द्यावे, हा प्रश्न केवळ पैशांचा किंवा हातातील कसबाचा नाही. तो प्रामुख्याने मोजमापाचा आहे. या कामाचा जो भाग डोळ्यांनी आणि बोटांनी तपासता येतो, तो चिकाटीच्या माणसाला घरी करता येतो. जो भाग उपकरणाविना तपासताच येत नाही, तो घरी करणे म्हणजे अंधारात छिन्नी चालवणे. ही सीमारेषा नेमकी कोठे पडते, ते पुढे पाहू.

हेडच्या आत काय असते?

इंजिनाच्या ब्लॉकवर झाकणासारखा बसणारा ओतीव धातूचा भाग म्हणजे सिलेंडर हेड. ॲम्बेसेडरच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या जुन्या इंजिनाचे हेड बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते; पद्मिनी आणि मारुतीच्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे. प्रत्येक सिलेंडरच्या वर हेडमध्ये एक पोकळी असते, ती ज्वलनकक्षाची. या कक्षात उघडणाऱ्या वाटा म्हणजे पोर्ट. हवा आणि इंधन आत आणणारा तो इनलेट पोर्ट, जळालेला वायू बाहेर नेणारा तो एक्झॉस्ट पोर्ट. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी व्हॉल्व्ह असतो. तो बंद असताना ज्या कड्यावर घट्ट टेकतो त्याला सीट म्हणतात आणि त्याची दांडी ज्या नळीतून वरखाली होते तिला गाइड. पोर्टच्या भिंतीपलीकडे, बरेचदा काही मिलिमीटरच्या अंतरावर, इंजिन थंड ठेवणारे पाणी खेळत असते.

हेड ओतताना वाळूचे गाभे वापरतात. ओतकाम कितीही चांगले असले तरी वाटांच्या भिंती खडबडीत राहतात, साच्यांच्या सांध्यांवर धारा उमटतात आणि गाभा किंचित सरकला तर एका सिलेंडरची वाट दुसऱ्यापेक्षा थोडी वेगळी होते. शिवाय सीट बसवण्यासाठी यंत्राने केलेला कात आणि ओतलेली भिंत जेथे मिळतात, तेथे अनेकदा एक कंगोरा राहतो. मोठ्या संख्येने गाड्या बनवणारा कारखाना प्रत्येक हेडवर तासन्‌तास हात फिरवू शकत नाही. कारखान्याने सोडलेले हे उणे भरून काढणे हा पोर्टिंगचा पहिला आणि सर्वांत सुरक्षित भाग. वाटेचा आकारच बदलणे हा दुसरा भाग. बहुतेक गफलत या दोहोंची सरमिसळ केल्याने होते.

मोठी वाट म्हणजे चांगली वाट नव्हे

वाट जितकी रुंद तितकी हवा अधिक, हा नवशिक्याचा पहिला समज. तो कसा फसवा आहे हे साध्या गणिताने कळते. मारुती ८०० चे इंजिन तीन सिलेंडरचे आणि ७९६ घनसेंटिमीटरचे. म्हणजे एका सिलेंडरच्या वाट्याला सुमारे २६५ घनसेंटिमीटर येतात. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला १० मिलिसेकंद लागतात. हवा आत ओढणारा स्ट्रोक अर्ध्या फेऱ्याचा, अर्थात ५ मिलिसेकंदांचा. उदाहरणादाखल वाटेचा व्यास २६ मिलिमीटर धरला, तर एवढ्या अवधीत ती हवा आत जाण्यासाठी तिचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर असावा लागतो. हीच वाट घासून २९ मिलिमीटर केली की वेग सुमारे ८० मीटरवर येतो. भिंतीवरून चोहोबाजूंनी अवघा दीड मिलिमीटर धातू गेला आणि वेग एक पंचमांशाने घटला.

या वेगाला महत्त्व आहे. धावत्या हवेला स्वतःचा जोर असतो. पिस्टन तळाशी पोहोचून वर निघाला तरी इनलेट व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो आणि त्या अवधीत हवा आपल्या जोरावर आत शिरत राहते. वेग मंदावला की हा लाभ कमी होतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत आणखी एक अडचण येते. हवेत तरंगणारे पेट्रोलचे सूक्ष्म थेंब मंद प्रवाहात भिंतीवर बसतात आणि मिश्रण बिघडते. जास्तीत जास्त फेऱ्यांवर शर्यत धावणाऱ्या गाडीला रुंद वाट मानवेल. परंतु चोर्ला किंवा अनमोड घाट चढणारी गाडी बहुतांश वेळ २००० ते ३००० फेऱ्यांच्या आसपास असते. वाट अवाजवी रुंद केलेली गाडी तेथेच दम टाकते आणि वरच्या गियरमध्ये चढण्याऐवजी वारंवार गियर उतरवायला लावते.

खरा अडथळा बहुधा वाटेच्या मधल्या लांबीत नसतोच. तो असतो व्हॉल्व्हच्या आसपासच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये. व्हॉल्व्ह उचलला गेला की त्याच्या काठाभोवती जी गोलाकार फट पडते तिचे क्षेत्रफळ, उचल व्यासाच्या एक चतुर्थांश झाल्यावर, व्हॉल्व्हच्या पूर्ण क्षेत्रफळाइतके होते. ३६ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हसाठी ही उचल ९ मिलिमीटर येते. तेवढी उचल होईपर्यंत मुख्य बंधन त्या फटीचे असते, म्हणून सीटचे कोन निर्णायक ठरतात. सीटच्या लगेच खालचा गळा साधारणपणे व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्के ठेवण्याची रीत आहे. त्याहून मोठा केला तर सीटला आधार उरत नाही. वाट जेथे व्हॉल्व्हकडे वळते तेथील आतली, आखूड बाजू सर्वांत नाजूक. हवा तेथे भिंतीला धरून वळली पाहिजे. तो उंचवटा सपाट केला की ती भिंत सोडून देते, भोवरे उठतात आणि वाट मोठी होऊनही प्रवाह घटतो. हौशी हातांनी बिघडलेल्या हेडांमध्ये बहुधा याच ठिकाणी जखम आढळते, कारण घासणारे हत्यार तेथे सहज पोहोचते.

आरशासारखी चकाकी हाही असाच एक भ्रम. एक्झॉस्ट पोर्ट गुळगुळीत असलेला बरा, त्यात काजळी कमी धरते. कार्ब्युरेटरच्या गाडीचा इनलेट पोर्ट मात्र मुद्दाम बारीक खरखरीत ठेवतात. ६० ते ८० क्रमांकाच्या एमरीने येणारा पृष्ठभाग पुरतो. पूर्ण चकाकलेल्या भिंतीवर पेट्रोलचा पातळ थर पसरतो आणि तो हवेत सहज मिसळत नाही.

डोळ्यांकडून उपकरणाकडे

हवेच्या वाटा अंदाजाने नव्हे, मोजून घडवाव्यात, या विचाराशी इंग्लंडच्या हॅरी वेस्लेक (१८९७ ते १९७८) यांचे नाव जोडले गेले आहे. हेडमधून किती हवा जाते हे मोजून त्यांनी वाटांचे आणि ज्वलनकक्षांचे आकार सुधारले. बेंटली आणि जॅग्वार यांच्या इंजिनांना त्यांच्या कामाचा लाभ झाला. १९५१ मध्ये आलेल्या ‘ए-सीरिज’ इंजिनाचा बदामाच्या आकाराचा ज्वलनकक्षही त्यांचाच. १९५९ च्या मिनी मोटारीत हेच इंजिन ८४८ घनसेंटिमीटरच्या रूपात बसले.

या इंजिनाच्या हेडला चार सिलेंडरमागे पाचच वाटा आहेत. दोन-दोन सिलेंडर मिळून एक इनलेट, तर एक्झॉस्टच्या तीन. अशा अवघड मांडणीतूनही किती ताकद काढता येते हे विल्टशायर परगण्यातील डाउन्टन गावच्या डॅनियल रिचमंड यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. त्यांच्या ‘डाउन्टन इंजिनिअरिंग’च्या हेडांची ख्याती एवढी झाली की मिनीची निर्माती बीएमसी ही कंपनीही त्यांचा सल्ला घेऊ लागली. आपल्याकडच्या ॲम्बेसेडरमधील ‘बी-सीरिज’ इंजिन याच घराण्यातले. त्याच्या हेडमध्येही इनलेटच्या वाटा अशाच जोडीने आहेत. जोडवाटेच्या मधोमध असलेल्या भिंतीवर थोडा चुकीचा हात पडला तर एका सिलेंडरचे देणे दुसऱ्याला जाते. जुन्या ॲम्बेसेडरचे हेड उघडणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

आपल्या देशातही ही विद्या परकी नाही. कोईम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून ‘फॉर्म्युला मारुती’ ही शर्यतीची गाडी घडवली आणि साध्या घरगुती गाडीच्या इंजिनावर शर्यतीच्या दृष्टीने काम करणाऱ्या कारागिरांना एक क्षेत्र मिळवून दिले.

घरी काय करता येते?

पहिली अट सरावाची. भंगारातून त्याच जातीचे निकामी हेड आणावे, शक्य असल्यास पोर्टमधून करवतीने उभे कापून भिंतींची जाडी पाहावी आणि हात त्यावर बसवावा. जाणकार कार्यशाळाही नवे इंजिन हाती आले की असे एखादे हेड कापून पाहतात.

साधनांमध्ये वेग कमीजास्त करता येणारा डाय ग्राइंडर, कार्बाइडचे बर, एमरीचे रोल, अंतर्व्यास मोजण्याचे कॅलिपर आणि उजेड. ॲल्युमिनियमसाठी विरळ दातांचा बर घ्यावा; दाट दातांत धातू चिकटून बसतो. बिडासाठी दाट दातांचा चालतो. काम सुरू करण्यापूर्वी सीटवर जुने व्हॉल्व्ह बसवावेत, म्हणजे निसटलेल्या हत्याराचा ओरखडा सीटवर न पडता व्हॉल्व्हवर पडेल.

यानंतर घरी निर्धोकपणे करण्याजोगी कामे अशी :

पहिले, काजळी काढून सर्व वाटा स्वच्छ करणे आणि ओतकामाच्या धारा, गोळे, कंगोरे सपाट करणे. भिंतीचा मूळ आकार न बदलता केवळ उंचवटे उतरवावेत.

दुसरे, मॅनिफोल्ड आणि हेड यांची तोंडे जुळवणे. प्रवाहाच्या मार्गात पायरी आडवी येऊ नये, एवढाच हेतू. अरुंद वाटेतून रुंद वाटेत जाताना छोटी पायरी चालते. रुंदातून अरुंदात जाताना आडवा येणारा ओठ चालत नाही. गॅस्केटचे भोक पुष्कळदा वाटेपेक्षा मोठे असते. म्हणून गॅस्केटच्या रेषेपर्यंत आंधळेपणाने घासू नये.

तिसरे, ज्वलनकक्षातील तीक्ष्ण कडा बोथट करणे. अशा कडा तापून लाल होतात आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवतात.

चौथे, प्रत्येक ज्वलनकक्षाचे घनफळ मोजणे. भोक पाडलेली ॲक्रिलिकची चकती ग्रीस लावून कक्षावर बसवावी आणि ब्युरेटने द्रव सोडून आकडा टिपावा. मारुती ८०० च्या एका सिलेंडरसाठी संपीडन गुणोत्तर ९ धरले तर पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ३३ घनसेंटिमीटर असते. त्यात एका घनसेंटिमीटरची वाढ झाली तर गुणोत्तर सुमारे पाव अंकाने उतरते. तीन सिलेंडर तीन गुणोत्तरांवर चालू लागले तर इंजिनाची लय बिघडते. म्हणून एका कक्षात जे केले ते सर्वांत तंतोतंत करावे. हाच हौशी कामाचा सर्वांत कठीण भाग आहे. पहिल्या पोर्टवर उत्साहाने आणि शेवटच्या पोर्टवर थकव्याने काम होते.

पाचवे, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासणे आणि पोर्टमध्ये रॉकेल ओतून सीटमधून पाझर होतो का ते पाहणे. सीट मुळात चांगली असेल तरच हे पुरते.

जपणूक हवी ती शरीराची. फिरता बर क्षणात बोटात घुसतो. कानावर पडणारा आवाजही घातक असतो. धातूची धूळ आणि काजळी फुप्फुसांत जाऊ नये म्हणून धूळरोधक मास्क, बंद चष्मा आणि कानांना आवरण घालूनच काम करावे. भारतात शिसेविरहित पेट्रोल देशभर लागू झाले ते फेब्रुवारी २००० मध्ये. त्याआधी धावलेल्या आणि नंतर न उघडलेल्या इंजिनाच्या काजळीत शिसे असू शकते; ती कोरडी खरवडून उडवू नये, ओली करून काढावी आणि मुलांपासून दूर ठेवावी. काम संपल्यावर हेड गरम पाणी आणि साबणाने धुवून, तेलाच्या बारीक वाटांसह हवेच्या झोताने साफ करावे. मागे राहिलेला एक कण बेअरिंग खाऊन टाकण्यास पुरेसा असतो.

घरी काय करू नये?

वाटेचे छत उंचावणे, वळणाची आतली बाजू बदलणे, गळा मोठा करणे, मोठे व्हॉल्व्ह बसवणे आणि गाइडचा उंचवटा समूळ कापणे ही कामे अंदाजाने करण्याची नाहीत. पाण्याच्या पोकळीपर्यंतची भिंत किती जाड आहे हे बाहेरून दिसत नाही आणि गाभा सरकलेल्या हेडमध्ये एका वाटेची सुरक्षित खोली दुसऱ्या वाटेत घातक ठरते. पोर्टला भोक पडले तर ॲल्युमिनियमचे हेड वेल्डिंगने जोडता येते, पण त्या उष्णतेने हेड वाकते, सीट सैल होतात आणि धातूचा कणखरपणा कमी होतो. बिडाचे हेड जोडणे त्याहून दुष्कर. सूक्ष्म छिद्र तर तत्काळ कळतही नाही. गाडी महिनाभर धावल्यावर पाणी कमी होऊ लागते आणि धुराला पांढरी छटा येते.

हेडचा तळ घासून सपाट करणे, ज्याला आपल्याकडे ‘फेसिंग’ म्हणतात, तेही यंत्राचेच काम. धातू जास्त घेतला तर संपीडन वाढते आणि साध्या पेट्रोलवर इंजिन ठोके देऊ लागते. कॅमशाफ्ट हेडमध्ये असलेल्या इंजिनात आणखी एक परिणाम होतो. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या जवळ आल्याने व्हॉल्व्हची वेळ किंचित मागे सरकते आणि व्हॉल्व्ह व पिस्टन यांतील अंतर घटते.

कार्यशाळा काय देते?

चांगली पोर्टिंग कार्यशाळा मुख्यतः चार गोष्टी देते.

एक, फ्लो बेंच. ठरावीक दाबफरकावर, बहुतेक ठिकाणी पाण्याच्या २८ इंच स्तंभाइतक्या, हेडमधून किती हवा जाते हे या उपकरणावर कळते. व्हॉल्व्ह एकेक मिलिमीटर उचलत प्रत्येक टप्प्यावर वाचन घेतात. यामुळेच घासण्याचा उपयोग झाला की अपाय, हे धातू वाया जाण्याआधी समजते. आकार वाढवावा की मातीने वा राळेने भरून कमी करून पाहावा, असे प्रयोगही त्यावर करता येतात.

दोन, सीट कापण्याचे अचूक यंत्र. प्रचलित पद्धतीत सीटला तीन कोन देतात. व्हॉल्व्ह जेथे टेकतो तो ४५ अंशांचा, त्याच्या वर ३० अंशांचा आणि खाली गळ्याकडे ६० अंशांचा. इनलेटच्या सीटची रुंदी साधारण एक ते दीड मिलिमीटर, एक्झॉस्टची त्याहून थोडी अधिक ठेवतात, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीच उष्णता सीटमार्फतच हेडला देतो. गाइड झिजलेला असेल तर आधी तो बदलावा लागतो, अन्यथा नवी सीट वाकड्या दांडीला अनुसरून वाकडीच कापली जाते. एकट्या या कामाने रस्त्यावरच्या गाडीला जो लाभ होतो, तो पुष्कळदा हौशी पोर्टिंगच्या एकूण लाभाहून अधिक असतो.

तीन, तपासण्या. दाबाखाली पाण्याची चाचणी, तडे शोधणे, ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजणे. चार, सर्व सिलेंडरांमधील सारखेपणा. काही ठिकाणी तो संगणकनियंत्रित यंत्राने साधला जातो.

येथे एक भेद स्पष्ट असावा. बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर येथे ओतकामाची व यंत्रकामाची मोठी परंपरा आहे. फेसिंग, बोअरिंग, गाइड आणि सीट यांची कामे अशा औद्योगिक वसाहतींत उत्तम होऊ शकतात. पण उत्तम लेथकाम करणारा प्रत्येक जण पोर्टिंगचा जाणकार असतोच असे नाही. हेड सोपवण्यापूर्वी विचारावे : फ्लो बेंच स्वतःचा आहे काय? घासण्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे, एकाच बेंचवरचे, लेखी मिळतील काय? केवळ कमाल उचलीवरचा आकडा दाखवणार की कमी उचलीवरचेही? याच जातीच्या हेडवर पूर्वी काम केले आहे काय? भिंत फुटली तर भरपाई कोणाची? या प्रश्नांना सरळ उत्तरे न देणाऱ्याकडे हेड देऊ नये. दोन निरनिराळ्या बेंचवरच्या आकड्यांची तुलना करण्यातही अर्थ नाही, हेही जाणून असावे.

खर्चाचा हिशोब

घरी केल्यास पैसे वाचतात, हे अर्धसत्य आहे. हेड उतरवले की हेड गॅस्केट, मॅनिफोल्ड गॅस्केट, व्हॉल्व्हच्या दांड्यांचे सील, काही इंजिनांत एकदाच वापरायचे हेडचे बोल्ट, ऑइल आणि कूलंट हा खर्च दोन्ही वाटांनी सारखाच येतो. सीट, गाइड आणि फेसिंग यांसाठी यंत्रशाळेत जावेच लागते. वाचते ती केवळ घासण्याची मजुरी. तीतून ग्राइंडर, बर आणि मोजण्याची साधने वजा करावी लागतात. हवेवर चालणारा ग्राइंडर घेतला तर त्याला पुरेसा कॉम्प्रेसरही हवा. एकाच हेडसाठी हा खटाटोप बहुधा तोट्याचा. दोन-तीन जुन्या गाड्या बाळगणाऱ्याला, किंवा शिकण्याचा आनंद हाच ज्याचा मोबदला आहे त्याला, तो परवडतो.

फळही गाडीच्या बाकीच्या अंगांवर अवलंबून असते. कॅमशाफ्ट, एअर फिल्टर, सायलेन्सर मूळचेच असतील तर मोकळ्या झालेल्या हेडचा फायदा पुढच्या अरुंद वाटेत अडतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट पुन्हा जुळवावे लागतात. इंधन इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत संगणक मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचा अंदाज बांधतो. सौम्य चालीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सावरून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलवर तो आधार राहत नाही. तेथे मिश्रण पातळ झाले तर पिस्टनवर संकट येते. म्हणून आकारात लक्षणीय बदल केलेल्या हेडनंतर संगणकाची जुळणी आणि डायनोवर चाचणी हा खर्च आधीच धरावा.

कायदा, विमा आणि धूर

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल करण्यास मनाई आहे. पोर्टिंगने इंजिनाची घनक्षमता बदलत नाही. तरी त्यावरून सारे बदल मोकळे आहेत असा अर्थ काढू नये. धुराची मर्यादा प्रत्येक गाडीला लागू असते आणि बिघडलेल्या मिश्रणाची गाडी पीयूसी तपासणीत अडते. वॉरंटीतील गाडीचे हेड उघडणे म्हणजे ती वॉरंटी धोक्यात घालणे. केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवावा, अन्यथा दाव्याच्या वेळी तोच मुद्दा आडवा येऊ शकतो. हौशी शर्यतीत उतरणाऱ्यांनी नियमपुस्तिका आधी वाचावी; मूळ उत्पादित गाड्यांच्या वर्गात हेडला हत्यार लावणे निषिद्ध असू शकते.

निर्णय कसा करावा?

गाडी रोजच्या वापराची असेल तर पोर्टिंगचा हट्ट धरू नये. इंजिन कोणत्याही कारणाने उघडले असता गाइड, तीन कोनांची सीट आणि वाटांची साफसफाई एवढे करून घ्यावे. इंजिन ताजेतवाने होते आणि धोका जवळपास शून्य.

गाडी जुनी, हौसेची आणि मालक हाताने काम करणारा असेल तर मधला मार्ग उत्तम. हेड उतरवणे, स्वच्छता, धारा काढणे, तोंडे जुळवणे, ज्वलनकक्ष मोजणे हे स्वतः करावे आणि सीट, गाइड, फेसिंग व दाबचाचणी यंत्रशाळेकडे द्यावी. घासण्याचे सारे काम संपल्यावरच सीट कापून घ्याव्यात. क्रम उलटा झाला तर नव्या सीटवर ओरखडे येण्याची भीती असते. हाती एकच हेड असेल आणि दुसरे मिळण्याची शाश्वती नसेल, तर त्यावर पहिला सराव कदापि करू नये.

गाडी शर्यतीसाठी असेल, किंवा वाटेचा आकारच बदलायचा असेल, तर फ्लो बेंच असलेल्या कार्यशाळेला पर्याय नाही. तेथे दिलेले पैसे हे घासण्याच्या मजुरीचे कमी आणि कोठे थांबायचे ते मोजून ठरवण्याचे अधिक असतात.